निळी हळद

९ एप्रिल २०१०. दुकान उघडून झाडू मारला आणि कूलरच्या जाळ्यांमधलं मागच्या वर्षीचं गवत उपसायला बसले. उपसताना त्याचा चुरा नाकातोंडात जातो आणि माणूस दिवसभर शिंकत राहतं. हे काम मार्चमध्ये करायचं असतं. मी दरवर्षी ते एप्रिलमध्ये करते आणि दरवर्षी म्हणते, पुढच्या वर्षी मार्चमध्ये करीन.

शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर माझ्याइतकाच धापा टाकत होता. एका लग्नाचे फोटो तो सकाळपासून भरडत होता. ‘भरडत’ हा शब्द माझा. तो आला कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुडव्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत टेबल आणि गिऱ्हाइकांची बाकं, आतल्या खोलीत पडदा, स्टूल आणि दिवे. १९९९ साली मी तो रोलच्या कॅमेऱ्यावर सुरू केला. तेव्हा धंदा सोपा होता. रोल धुवायला लॅबमध्ये द्यायचा आणि रंग बिघडले की गिऱ्हाइकासमोर लॅबला शिव्या घालायच्या. डिजिटल आलं आणि ही सोय गेली. आता लॅबही मीच आणि शिव्या खाणारीही मीच.

२०१०च्या सुरुवातीला मी नवा कॅमेरा घेतला होता आणि नागपूरला एक दिवसाचं प्रशिक्षणही करून आले होते. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने माणसाला जितकी घमेंड चढते, तितकी चार वर्षांच्या पदवीनेही चढत नसेल. परत आल्यावर मी घरात जाहीर केलं, की यापुढे मी ‘रॉ’मध्येच फोटो काढणार. आमचे हे राईस मिलमध्ये मुनीम आहेत, म्हणून त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं.

“साधा फोटो म्हणजे पोत्यातला तांदूळ. कॅमेरा स्वतःच भरडतो, पॉलिश करतो आणि हातात देतो. रॉ म्हणजे धान. आपण आपल्याला पाहिजे तसं भरडायचं.”

“धान समजलं,” हे म्हणाले. “गिरणी कुठे आहे?”

मला तो टोमणा वाटला. तो प्रश्न होता.

कॅमेऱ्यातलं हे धान म्हणजे काय, तेही मी प्रशिक्षणात शिकले होते आणि दुकानात येईल त्याला ऐकवत होते. कॅमेऱ्याच्या आत एक चौकोनी चिप असते, तिच्यावर लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच. कुणावर लाल, कुणावर निळी, आणि हिरव्या काचा दुप्पट. ज्याच्यावर लाल काच, त्याला लाल किती एवढंच कळतं, बाकीच्या दोन रंगांचा त्याला पत्ताच नसतो. मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम त्याच्या शेजाऱ्यांना विचारतो, “तुझ्याकडे निळा किती? तुझ्याकडे हिरवा किती?” आणि अंदाजाने उरलेले रंग भरतो. म्हणजे फोटोतला एक तृतीयांश रंग पाहिलेला आणि बाकीचा शेजाऱ्यांकडून ऐकलेला. आमच्या कुडव्यात कुठल्याही भांडणाची हकिगत अशीच तयार होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

अडचण एवढीच होती, की माझ्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम जुना आणि कॅमेरा नवा. प्रोग्राम कॅमेऱ्याला ओळखच देईना. नवा प्रोग्राम घ्यायचा तर कॉम्प्युटरही नवा लागणार होता. मग मी आपली अक्कल चालवली. त्याच कंपनीचा आधीचा कॅमेरा प्रोग्रामला माहीत होता, तेव्हा फाइलींवर मी त्याच जुन्या कॅमेऱ्याचं नाव घातलं. थोरल्याच्या दाखल्यावर धाकट्याला शाळेत घालतात, तसं. प्रोग्रामने काहीही न विचारता भरती करून घेतलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी चहा मागवला.

आता त्या लग्नाबद्दल. रॉमध्ये काढलेलं ते माझं पहिलंच काम, आणि भरडायचा मुहूर्त लागला तो एप्रिलमध्ये. होळीच्या आधी बिरसीकडच्या एका गावात ते झालं. शेतीवाडी असलेलं घर, एकुलती एक मुलगी. मुलीच्या वडिलांना मी काकाजी म्हणत असे. दुकानाच्या पहिल्या दिवाळीला बैलजोडीसकट फोटो काढून घेणारे गिऱ्हाईक. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशन त्यांनी लग्नानंतरवर ढकललं होतं. वाकायचं नाही, धूर घ्यायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असली पथ्यं पाळत पोरीचं कन्यादान कसं करायचं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे मांडवात ते आवाजावरून माणसं ओळखत होते. हळदीच्या वेळी त्यांनी मला दोनदा बाजूला बोलावलं.

“बाई, काढून राहिल्या ना बराबर?”

“हो, काकाजी.”

“नीट काढजा जी. मले तं नुसतं धुकं दिसून राहिलं. मी मागून पाहीन, डोळा झाल्यावर. आता तुमीच पाहा माह्यासाठी.”

एवढं सांगितल्यावर कुणीही जबाबदार बाई साधे फोटोही काढून ठेवते. कॅमेऱ्यात तशी सोय होती, धान आणि तांदूळ दोन्ही एकदम. पण त्याने कार्ड लवकर भरतं, म्हणून मी ती बंद केली. धान आहे तर तांदूळ कशाला?

लग्नानंतर नेत्रशिबिरात त्यांचा एक डोळा झाला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि तो काढायचा नाही असं बजावलं. काकाजी सांगितलेलं अक्षरशः पाळणारे. औषधाचे थेंब घालताना आणि झोपताना काय तो चष्मा निघायचा, तोही खोलीच्या अंधारात. तपासणीत डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, ती त्यांनी घडाघडा वाचली. ती अक्षरं अर्थातच काळी होती. दुसऱ्या डोळ्यासाठी शिबिराची गाडी १० एप्रिलला सकाळी गावात येणार होती. त्याआधी फोटो पाहून घ्यावेत, म्हणून ९ तारखेला मी त्यांना दुकानात यायला सांगितलं होतं. दुपारी. ते आले सकाळी, मी कूलरच्या गवतात बसलेली असताना. गावातून कुणाची मोटारसायकल येत होती, तिच्यावर बसून आले.

कॉम्प्युटरचं भरडणं नुकतंच संपलं होतं. मी हात झटकले आणि पहिले काही फोटो उघडून पाहिले. जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवागार मांडव. मांडवामागे उन्हाळी धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तीही हिरवीगार. मांडवात बसलेली पांढऱ्या धोतरांची रांग, जवळून पाहावीत अशी तोंडं अजून आलीच नव्हती. धोतरं जरा मळकट दिसली, पण तो दोष मी धोतरवाल्यांच्या खात्यात टाकला. बाकी सगळं झकास. तेवढ्यात एक बाई पासपोर्ट फोटोसाठी दोन लेकरं घेऊन आली.

“काकाजी, मी आत आहे. इथे बसा, फोटो आपोआप पुढे सरकतील.”

गिऱ्हाइकाच्या बाजूला एक वेगळा पडदा ठेवण्याची टूमही मी नागपूरहूनच आणली होती. त्याच्यासमोर त्यांना बसवलं.

“चष्मा काढू का जी?” त्यांनी विचारलं. “डॉक्टर तं नाही म्हणते. पण काळ्या चष्म्यातून पोरगी काय पाहू?”

“काढा की. थोडा वेळ काढल्याने काय होतं!” मी म्हणाले. डोळ्यांच्या बाबतीतही माझं मत तयार होतं.

दोन लेकरांपैकी एक हसणं थांबवेना आणि दुसरं रडणं, त्यामुळे मला आत बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा काकाजींनी चष्मा परत घातला होता. पडद्यावर शेवटचा फोटो थांबला होता, गाव सोडून जाणाऱ्या गाडीचा. पांढरी गाडी, मागे झाडं.

“कसे आले?”

“चांगले आले बाई.” त्यांनी चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली. “पानं-गिनं हिरवी आली.”

“मग! नवा कॅमेरा आहे.”

“हाव.”

ते उठले, दाराची चौकट हाताने चाचपली आणि गेले. चहा नको म्हणाले. मला वाटलं, बापाचं मन भरून आलं. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही, हा माझा एक गुण आहे असं मी समजते. मी पुन्हा कूलरकडे वळले.

दुपारी काकी आल्या, म्हणजे काकाजींची बायको. पदर खोचलेला, चेहरा तापलेला. बसायला सांगायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

“काय दाखवलं जी तुमी त्यायले?”

“फोटो. का हो?”

“घरी आले तसे खाटेवर पडले. म्हणते दुसरा डोळा करत नाही. उद्याच्या गाडीत बसत नाही म्हणते. मी म्हटलं, काऊन? मग म्हणते, डोळा बिघडला. चष्मा काढाचा नव्हता, काढला, बिघडला. म्हणते, पोरगी निळी दिसली.”

“निळी?”

“निळी! हळद निळी, हात निळे, तोंड निळं. मी म्हटलं, चष्मा काढून माह्याकडे पाहा. तं म्हणते, नाही काढत, उरलं तेवढं तरी राहू दे. दुसऱ्यानं अंधूक दिसते, तेवढं बरं हाये म्हणते, त्याचंबी वाटोळं काऊन करू?”

मी हळदीचा फोटो उघडला.

काय सांगू! पाटावर नवरी बसली होती, आकाशासारखी निळी. चार बायका तिच्या गालाला निळं काहीतरी फासत होत्या. त्यांचे हातही निळे, कपाळावरचं कुंकू शाईसारखं. मागे पाण्याचं निळं पिंप होतं, ते मात्र केशरी झालं होतं आणि सगळ्या फोटोत तेवढंच निरोगी दिसत होतं. आणि या सगळ्यावर जांभळाची पानं हिरवीगार, कुठेच काही झालं नाही अशी.

काकी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, “आमी तं जावायाले पोरगी दिली. हा किसनदेव कोणाच्या घरचा?”

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण त्यांचे डोळे भरले होते. ताबडतोब त्यांच्या मोबाइलवरून काकाजींना फोन लावला. डोळा ठीक आहे, फोटोच निळा आहे, चूक माझी आहे, असं तीन तऱ्हांनी सांगितलं.

“तुमी चांगल्या मनाच्या हा बाई,” ते शांतपणे म्हणाले. “पण पानं हिरवी दिसली मले. फोटो बिघडला असता तं पानंबी बिघडली असती.”

मुद्दा बिनतोड होता. सकाळी मीही नेमका असाच तर्क केला होता.

“मी दुरुस्त करून आणते, काकाजी.”

“तुमच्या हातात रंग हाये, बाई. तुमी पिवळा भरान, मले म्हणान पिवळा हाये. राहू द्या जी.” त्यांनी फोन ठेवला.

मग मी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्रामबरोबर आलेली माहिती सुरुवातीपासून वाचली. इंग्रजीत होती आणि कंटाळवाणी, पण मला पाहिजे ते दुसऱ्याच पानावर निघालं. रॉ फाइलमध्ये नुसते आकडे असतात. कुठला आकडा कुठल्या काचेखालचा, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते प्रोग्रामने कॅमेऱ्याच्या नावावरून ओळखायचं, की या कॅमेऱ्यात पहिली काच लाल किंवा त्या कॅमेऱ्यात पहिली काच निळी. थोरल्या कॅमेऱ्याची मांडणी लालपासून सुरू होत होती. माझा धाकटा एक ओळ आणि एक घर सरकलेला, त्याची सुरुवात निळ्यापासून. मी त्याला थोरल्याच्या नावाने भरती केलं, म्हणून प्रोग्राम लाल काचेवाल्यांना निळा समजत राहिला आणि निळ्यांना लाल. फक्त हिरवे आपल्या जागी होते, कारण दर चार काचांच्या चौकोनात दोन हिरव्या काचा तिरप्या समोरासमोर असतात आणि ही सरकवासरकव झाली तरी हिरव्याच्या जागी हिरवाच येतो. म्हणजे पानं बरोबर. धोतरांतला लाल आणि निळा सारखाच, म्हणून तीही जवळजवळ बरोबर. नासली होती फक्त हळद, कुंकू आणि माणसांचं अंग. लग्नात पाहायचं असतं तेवढंच.

प्रोग्राममध्ये मांडणीची सुरुवात हाताने सांगायची एक चौकट होती. ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या चौकटीचा अर्थ कळत नव्हता, म्हणून ती महत्त्वाची नसणार असं मी ठरवून टाकलं होतं. निळ्यापासून सुरुवात सांगितली आणि हळदीचा एक फोटो पुन्हा भरडला. पिवळीधमक नवरी. काकी पुढे झाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या पोरीच्या गालाला बोट लावलं.

“हा घेऊन जातो,” त्या म्हणाल्या.

“नेऊन उपयोग नाही. ते म्हणतील, बाईने रंग भरला.”

“मंग?”

याचं उत्तर मात्र मला धंद्यानेच दिलं. गिऱ्हाइकासमोर एक फोटो ठेवला की ते त्यात खोट काढतं. दोन ठेवले की निवडायला बसतं. डोळा निळा झाला असेल, तर काकाजींना सगळंच निळं दिसेल, हाही आणि तोही. एक निळा आणि एक पिवळा दिसला, तर डोळा शाबूत. म्हणजे दुरुस्त केलेला फोटो एकटा नेऊन चालणार नव्हतं. बिघडवलेलाही छापून, सोबत नेऊन, चारचौघांत दाखवावा लागणार होता.

“आता नका येऊ,” काकी म्हणाल्या. “आज ते कोणाचं ऐकत नाही. सकाळी गाडी येते, सगळे पारापाशी जमतेत. मी कसंबी करून त्यायले तिथवर आणतो, देवाच्या पाया पडाले म्हणून. तुमी तिथं या.”

संध्याकाळी हे घरी आले. सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही फोटो समोर धरून पाहिले.

“धान चांगलं होतं,” हे म्हणाले. “तांदूळही निघाला. फक्त निळा निघाला.”

“झालं बोलून?”

“नाही. आमच्या मिलमध्ये असा निघाला असता तर मला काढलं असतं. तुला कोण काढणार? मालकीण तूच.”

सकाळी ऊन चढायच्या आत मी स्कूटी काढली. दोन्ही फोटो मोठ्या आकारात छापून पुठ्ठ्यात घातले होते. गावात पोचले तेव्हा पारावर गाडीची वाट पाहणारी माणसं बसली होती. बरीचशी एक डोळा झालेली, म्हणजे काळ्या चष्म्यांची. वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं तशा सगळ्या काळ्या काचा एकदम वर झाल्या आणि खाली आल्या. काकाजी कडेला बसले होते, हातात पिशवी नाही. म्हणजे जायचं नव्हतंच.

मी समोर उभी राहिले आणि सरळ सांगितलं, “काकाजी, चष्मा काढा. हे दोन फोटो आहेत. मी काही बोलत नाही. काय दिसतं ते तुम्हीच सांगा.”

“नाही जी.”

“एकदाच.”

“काढ ना बे!” शेजारचा चष्मेवाला म्हणाला. “बाई येवढ्या लांबून आली.”

काकींनी सरळ हात घालून नवऱ्याचा चष्मा उतरवला.

काकाजींनी पापण्या मिटून घेतल्या. मग एक डोळा हळूच उघडला, नवा. पाहिलं एका फोटोकडे. पाहिलं दुसऱ्याकडे. परत पहिल्याकडे.

“हा निळा हाये,” ते म्हणाले. “हा पिवळा.” मग त्यांनी मान वळवून काकींच्या लुगड्याकडे पाहिलं. “हे लाल.” मग माझ्याकडे. “मंग बाई, मोतीबिंदू तुमच्या कॅमेऱ्याले हाये!”

पारावर एकच हशा झाला. निळा फोटो या हातातून त्या हातात फिरायला लागला. “पाहू, पाहू, कशी करून ठेवली पोरगी!” एकेक जण चष्मा वर सरकवून पाहत होता आणि डॉक्टरांच्या सगळ्या सूचना धाब्यावर बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, “गाडीत एक जागा जादा ठेवा रे, बाईचा कॅमेराबी नेऊन घालू.” दुसरं म्हणालं, “बाईलेच बसवा.” मी हसत उभी होते. त्यावेळी दुसरं काय करणार?

काकाजी मात्र हसत नव्हते. पिवळा फोटो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि तोंड अगदी जवळ नेऊन पाहत होते. हळदीने माखलेली पोरगी एक डोळा मिटून कुणाला तरी चिडवत होती. त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं.

“अशी हसून राहिली होती का?” त्यांनी काकींना विचारलं.

“तं काय! रडाची दुसऱ्या दिवशी लागली.”

गाडी आली. काकी घराकडे धावल्या आणि पिशवी घेऊन आल्या. ती आधीपासून भरूनच ठेवली होती. काकाजी खिडकीपाशी बसले आणि त्यांनी निळा फोटोही परत मागून घेतला.

“तो कशाला? फाडून टाका,” मी म्हणाले.

“वा! दुसरा डोळा झाला का पुन्हा दोन्ही लावून पाहीन. डॉक्टरलेबी दाखवीन. तो कायले रंग विचारत नाही तपासाच्या वेळी?”

म्हणजे माझी करामत आता शिबिरातल्या डॉक्टरपर्यंत जाणार होती. गाडी वळणाआड गेल्यावर मी स्कूटीला किक मारली आणि कुडव्याला आले. दुकान उघडलं. आदल्या दिवशी भरडलेलं सगळं लग्न पुसून टाकलं, प्रोग्रामला सुरुवात निळ्यापासून सांगितली आणि धान पुन्हा आत घातलं. यावेळी पहिला फोटो तपासला तो हळदीचा, पानांचा नाही. कार्ड कितीही लवकर भरो, कॅमेऱ्यात साध्या फोटोची सोयही चालू करून ठेवली.

मग कूलरच्या उरलेल्या जाळीत नवं गवत भरायला बसले.